गोफाखालची कातडी

भादवा लागला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं खाजवायला लागतं. तो आवाज खाली माझ्या खोलीत येतो. मागचा पाय फरशीवर आपटतो, थांबतो, पुन्हा आपटतो. पावसाची झड असते तोवर काही ऐकू येत नाही. मग दोन दिवस उघडीप मिळते, कडक ऊन पडतं, ओल्या भिंतींतून वाफ निघायला लागते, आणि आवाज सुरू होतो. मी थोडा वेळ ऐकत पडते. कोणी तरी बघेल, असं वाटत राहतं. कोणी बघत नाही. मग उठून जिना चढते. जिना चढणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

वरच्या घरातल्या मुलीला दर वर्षी तेच सांगते. केस उलट्या दिशेनं सारून कातडी बघ. कानाची कड बघ, पायाच्या बोटांच्या बेचक्या बघ, शेपटीचं मूळ बघ. आंघोळ घातलीस तर मुळापर्यंत पुस; वरून कोरडं दिसणारं कुत्रं आतून ओलं असतं. आणि सगळ्यात आधी पट्टा काढ. ती म्हणते, "आजी, पट्टा तर नवीन आहे." मी म्हणते, "नवा असू दे. काढ."

पट्ट्याखाली बहुतेक वेळा काही नसतं. थोडी दबलेली लव, थोडी धूळ. तरी मी बोट घालून बघते. दोन बोटं गेली पाहिजेत, आडवी. ती गेली की खाली येते आणि पडते. झोप मात्र लागत नाही.

मी बरीच वर्षं एका दैनिकात मुद्रितं तपासली. तिथं एक सवय लागली: दिसलं तेवढंच लिहायचं, जे वाटलं ते ज्याचं त्याच्यापाशी. माझ्या तरुणपणचा जालन्यातला एक भादवा मी पूर्वी कधी लिहिला नाही, कारण त्यात दिसलेलं कमी आणि वाटलेलं जास्त, असा माझा समज होता. आता नीट आठवून बघते तेव्हा उलटंच आढळतं. सगळं दिसत होतं. आम्ही बघत नव्हतो.

जालन्यात मस्तगड भागात आमचं घर होतं. खाली दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि पाण्याची एक दगडी डोणी. वडील, म्हणजे नाना, एका वकिलाकडे मुनशी होते. दिवसभर उर्दू अर्ज लिहायचे आणि घरी आल्यावर बोटांवरची शाई बराच वेळ धुवायचे. मी एकोणीस वर्षांची, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. मुलगी चार महिन्यांची झाली तरी सासरी परत गेले नव्हते. औरंगाबादचा रस्ता सुरक्षित नाही, असं सगळे म्हणत. संस्थानाचं ते शेवटचं वर्ष होतं, पण शेवटचं आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. लोक दुपारीसुद्धा दाराला कडी घालून बसत.

माझा धाकटा भाऊ वसंता ज्येष्ठात निघून गेला. जाफराबादच्या वाटेनं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, तिथल्या छावणीत. सरहद्दीपलीकडं जाऊन संस्थानाविरुद्ध लढायचं, असं तेव्हा पुष्कळ पोरांनी ठरवलं होतं. पहाटे निघाला. पिशवीत दोन धोतरं, भाकरी आणि चटणी. दारातून बाहेर पडला तसं कुत्र्याचं पिल्लू त्याच्या मागं धावलं. फाल्गुनात गल्लीत झालेलं, तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं. त्याचं नाव वसंतानंच वजीर ठेवलं होतं. वसंता वळला, खाली बसला आणि स्वतःच्या गळ्यातला काळा गोफ काढून त्यानं तो वजिराच्या गळ्यात दोन वेढे देऊन बांधला. गाठ मारली. गोफात तांब्याचा ताईत होता. पिल्लाला आत ढकलून त्यानं दार ओढून घेतलं.

हे आईनं बघितलं. मी तिच्या मागं उभी होते, मीही बघितलं. तो काही बोलला का, याबद्दल नंतर आमचं एकमत झालं नाही. आई म्हणायची, "मी येईस्तोवर राहू दे," असं तो म्हणाला. मला फक्त दार ओढल्याचा आवाज आठवतो.

त्या गोफाची हकीकत अशी. वसंता तीन वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला होता. नानांनी वैद्य केले, डॉक्टर केला. शेवटी आई दर्ग्यात गेली आणि तो गोफ घेऊन आली. ताप उतरला. पुढं सुती गोफ झिजला की आई नवा वळायची; ताईत तोच. पंधरा वर्षं तो त्याच्या गळ्यातून एक दिवस उतरला नव्हता. तो त्यानं काढून कुत्र्याला बांधला, याचा अर्थ आईनं तिथंच, दारात उभ्या उभ्या लावला. पोरगं आपला जीव घरी ठेवून गेलं. आता तो परत येईस्तोवर गाठ सुटता कामा नये.

आषाढ गेला. श्रावण गेला. छावणीतून एकदा निरोप आला, मग आला नाही. मुलगी पालथी पडायला लागली. वजीर उंच झाला, पाय लांब झाले, भुंकणं बदललं. घरात सगळ्यांची वाढ मोजायला आईला वेळ होता. मुलीची ती रोज दोरीनं मोजायची आणि हसायची. कुत्र्याची मान कोणी मोजली नाही.

श्रावण सरतानाच तो खाजवायला लागला होता. आधी बसल्या जागी, मग चालता चालता थांबून. कानामागचे केस गेले, मग खांद्यावरचे. उघडी पडलेली कातडी लाल, वर खपल्या. अंगणात मुलीच्या दुपट्यावर तांबूस केस सापडायला लागले. शेजारच्या शेवंताकाकू कुडावरून डोकावून म्हणाल्या, "अगं लूत लागली त्याला. वजिराची सारी वजिरी गेली बघ!"

आई म्हणाली, "पावसानं झालंय. जाईल."

"जाईल कशी? पसरून राह्यली. गाडीचं वंगण लाव, दुसरं काही न्हाई. आमच्या भावानं लावल्तं, आठ दिवसांत कुत्रं चकचकीत."

"आणि मंग?"

"मंग काय, चाटलं त्यानं ते, आन् मेलं. पण लूत गेल्ती बरं का!"

आई त्या भादव्यात एकदाच हसली, ती तेव्हा. वंगण तिनं लावलं नाही. लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं ती वजिराला एक दिवसाआड आंघोळ घालायची. मग करंजाच्या तेलात गंधक खलून ते मिश्रण पाठीला, खांद्यांना, कानामागं चोळायची. पिवळट, उग्र वासाचं तेल. ते सगळ्या घरात भरून राहिलं. माझ्या दुधालाही त्याचा वास येतो असं मला वाटायचं.

आंघोळ घालताना आईचा एक हात कायम वजिराच्या गळ्याशी असे. गोफ आणि ताईत मुठीत घट्ट धरून ठेवायची. मंतरलेल्या वस्तूवर गंधक पडू नये, मळकं पाणी पडू नये, म्हणून. दुसऱ्या हातानं सगळं अंग चोळायची. मूठ सोडायची ती सगळं झाल्यावर. पंधरा दिवस मी ते डोणीपाशी बसून बघत होते, मुलीला मांडीवर घेऊन. आईच्या मुठीतून ताईताचं तांबं चमकायचं. दोरा दिसत नव्हता. तो केसांत गेला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई गोफ जपते आहे, इतकंच वाटलं.

खाज वाढली. वजिरानं खाणं कमी केलं. जवळ आला की एक गोडसर, कुजका वास यायचा, गंधकाच्या वासाच्या खालून. एक दिवस मुलीच्या दंडावर दोन लाल ठिपके दिसले. डासांचे असतील, नसतील. नानांनी ते बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "उद्या मी ह्याला कुंडलिकेपल्याड सोडून येतो."

आई भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "त्याच्या गळ्यात गोफ आहे."

"गोफ सोडून घेऊ."

"गोफ वसंता सोडंल."

"अगं पण लेकरू आहे घरात."

"दोन्ही लेकरंच आहेत," आई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं की तिनं कोणाला लेकरू म्हटलं ते कळलेलं नाही. नानांनीही विचारलं नाही.

म्हणजे हिशेब असा होता. गोफ होता म्हणून कुत्रं घरात होतं. नाहीतर ते नदीपलीकडं गेलं असतं आणि चार दिवसांत मेलं असतं. ते घरात राहूनही मरत होतं. का, ते आम्हाला कळत नव्हतं. आणि ते मेलं तर गोफाचं काय, म्हणजे वसंताचं काय, हे आई मनात धरून बसली होती. ती रात्रंदिवस तेवढंच करत होती, हे तिच्या हातांवरून कळायचं. भाकऱ्या करपायला लागल्या होत्या.

शेवंताकाकूंनीच सलोत्र्याचं नाव काढलं. जनावरांच्या डॉक्टरला आमच्याकडे तेव्हा सलोत्री म्हणत. हे गफूरचाचा. जालन्याला पलटणीची छावणी होती तेव्हा रिसाल्यात घोड्यांची दवा करायचे. छावणी उठून कैक वर्षं झाली होती. चाचा मागं राहिले होते. त्यांची गल्ली आमच्यापासून लांब नव्हती. पण त्या दिवसांत एका गल्लीतून दुसरीत जाणं म्हणजे लांबच. नाना म्हणाले, "तिकडं बिलकुल जायचं न्हाई." आई म्हणाली, "बरं." दुपारी नाना कचेरीत गेल्यावर तिनं मुलीला शेवंताकाकूंकडे दिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल."

वजिराला दोरी बांधली ती गळ्यात नाही. पुढच्या पायांमागून, छातीभोवती. गळ्याला दुसरं काही लागू द्यायचं नव्हतं. रस्ता रिकामा होता. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. भादव्याचं ऊन पाठीवर ओल्या कापडासारखं बसत होतं. चालता चालता वजीर थांबायचा, मागचा पाय उचलून खाजवायचा, तोल जाऊन पडायचा. आई उभी राहायची. तो उठला की पुन्हा चालायची. एकदाही तिनं दोरी ओढली नाही.

चाचा ओसरीवर बसले होते. पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल. आम्हाला बघून त्यांनी आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग म्हणाले, "अंदर आव, माँ. धूप में नक्को ठैरो."

आई म्हणाली, "चाचा, लूत लागली ह्याला. गंधक लावून राह्यले पंधरा दिवस झाले. गुण न्हाई."

चाचांनी वजिराला पुढ्यात घेतलं. त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, आणि नजर मात्र त्याच्या मागच्या पायावर ठेवली. पाय हलला नाही. दुसरा कान चोळला. पाय हलला नाही.

"देखे? खारिश, मने लूत, रहती तो टांग आपसे हिलती, खुजाने कू. कान की कड पे हाथ लगाव, टांग चलती. खारिश कान से चलती, कोहनी से चलती. इसके कान की कड साफ. कोहनी साफ." त्यांनी वजिराचं कोपर उलटं करून दाखवलं. तिथं केस होते, कातडी बरी होती. "ये खारिश नै है. पीठ के बाल ये खुद उडाया, खुजा खुजा के. पन खुजाता काय कू?"

ते वाकले आणि मानेपाशी वास घेतला. मग वर बघितलं. आईचा हात सवयीनं तिथंच होता.

"माँ," ते म्हणाले, "मुठ्ठी खोलो."

आईनं मूठ सोडली नाही. "तो गोफ आहे," म्हणाली. "माझ्या पोराचा. तो तिकडं गेलाय, सरहद्दीला. तो येईस्तोवर..."

 या माणसापुढं हे बोलायला नको होतं, हे तिच्या ध्यानात आलं असावं. मला आलं होतं. सरहद्दीपलीकडच्या छावणीतल्या पोरांची नावं फुटली की घरावर धाड येते, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

चाचांनी वजिराच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मेरा नवासा बी गया, बेटी का बेटा. दूसरी तरफ से लडने कू. उसके गले में बी है ताबीज, मैंच बांधा." आणि लगेच, त्याच आवाजात, "मुठ्ठी खोलो, देखने दो."

आईनं मूठ उघडली. चाचांनी केस दोन्ही बाजूंना सारले. दोरा दिसला नाही. दिसली ती मानेभोवती गोल फिरलेली एक चीर, ओली, कडांना सुजलेली, आणि तिच्या तळाशी काळी रेघ. ती रेघ म्हणजे गोफ होता. पिल्लू वाढलं होतं, गोफ वाढला नव्हता. दर आंघोळीचं पाणी त्या चिरेत साठत होतं आणि आईची मूठ ते तिथं दाबून धरत होती.

"दो दिन में काटो," चाचा म्हणाले. "नै तो ये इसकू काटता. मैं नै काटूंगा. तुम्हारी गांठ है, तुम्हारा बच्चा. मैं काटा और कल कुछ हुआ, तो तुम सारी उमर मेरेकू देखते रहेंगे." त्यांनी कागदात कसलीशी पांढरी पूड बांधून दिली, कापल्यावर चीर उकळलेल्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, मग टाकायची. तेल लावायचं नाही. ओलं ठेवायचं नाही.

आम्ही घरी आलो. त्या दिवशी तिनं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वजीर लिंबाखाली पडून होता. आई स्वयंपाकघरातून त्याच्याकडं बघत होती. मी एकदा म्हणाले, "मी कापू का?" तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. मला राग आला होता, हेही लिहिलं पाहिजे. कुत्र्यासाठी नाही, वसंतासाठीही नाही. घरात एक जिवंत, दूध पिणारं लेकरू आहे, त्याच्याकडं कोणी बघत नाही, याचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्या शिवणाच्या डब्यातली कातर घेतली. उकळत्या पाण्यात बुडवली. वजिराचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला पाय धरायला सांगितलं. कातरीचं टोक दोऱ्याखाली जात नव्हतं. तिनं आधी करंगळीचं नख घातलं, मग टोक. पहिला वेढा तुटला तेव्हा वजीर एकदाच ओरडला. दुसरा तुटला तेव्हा ओरडला नाही. आई गोफ बाहेर ओढत होती, हळूहळू, आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल. मला ऐकू आलं ते फक्त, "मी कापलं, त्यानं न्हाई. मी कापलं."

मग तिनं हात धुतले आणि उठून आत आली. मुलगी पाळण्यात होती. आईनं तिचं झबलं वर केलं आणि कमरेच्या काळ्या करदोट्याखाली बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. खाली एक बारीक लाल रेघ उमटली होती. आईनं तीच कातर घेतली. करदोटा तिनंच बारशाला बांधला होता.

"चार महिन्यांत केवढी झाली गं ही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली.

चीर भरायला तीन आठवडे लागले. वजीर खायला लागला. पाठीवर केस परत आले. मानेभोवती मात्र कधीच आले नाहीत. मरेपर्यंत तिथं एक गुळगुळीत, पांढरट कडं राहिलं. गोफ आईनं धुऊन, वाळवून देवघरात ताम्हनाखाली ठेवला. रोज पूजेला बसली की ताम्हन उचलून बघायची. तो पुन्हा जोडता येत नाही, हे ती रोज बघत असावी. शेवंताकाकूंनी एकदा विचारलं, "वजीर बरा दिसतो, काय लावलंस?" आई म्हणाली, "काही न्हाई. काढलं."

गोफ कापल्यावर थोड्याच दिवसांत संस्थान गेलं. हिंदी फौज आली, बाजार बंद झाला, पुन्हा उघडला. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. आमच्या गल्लीत काय झालं, तर पहिल्यांदा दारं आतून बंद झाली, मग उघडली, आणि काही दारं उघडली नाहीत. गफूरचाचांचं त्यातलं होतं. त्यांचा नवासा परत आला की नाही, ते आम्हाला कळलं नाही. आई दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन आली.

वसंता आश्विनात आला. दुपारची वेळ. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, डोळे आत. वजीर आधी त्याच्यावर भुंकला, मग वास घेतला, मग सगळं अंग हलवत लोळला. आई दारात उभी होती. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. वाट अडवून, लहान मुलानं गुन्हा कबूल करावा तसं, उभ्यानंच म्हणाली, "मी तुझा गोफ कापला."

"काय?"

"तू वजिराला बांधल्ता तो. मला कापावा लागला. तुला काही झालं का रे तिकडं? भादव्यात? खरं सांग."

वसंतानं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "हां, तो," म्हणाला. "अगं, उन्हाळाभर घामानं गळ्याला खाजून राह्यलं होतं त्याच्यानं. फेकला असता तर तू ओरडली असती. म्हणून जाताना त्याच्या गळ्यात अडकवला. तुला न्हाई का तेव्हाच कळलं?"

 मुलगी आत रडायला लागली, तरी मी हलले नाही. वसंता उंबऱ्यावर बसला आणि बोलता बोलता हाताची बोटं एकमेकांत घासायला लागला. छावणीत सगळ्यांना झालं होतं, म्हणाला. एका घोंगडीत चौघं झोपायचे. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या होत्या, मनगटावर, काखेत.

आईनं त्याचा हात धरून उजेडात नेला. उलटा केला, सुलटा केला, बोटं फाकवून बघितली. मग आत गेली आणि उरलेलं गंधकाचं तेल घेऊन आली. "सदरा काढ," म्हणाली. मग लिंबाखाली, डोणीपाशी, जिथं ती वजिराला बसवायची तिथंच त्याला बसवून तिनं तेल लावायला सुरुवात केली. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, कानामागं, मानेभोवती सगळीकडं. दोन्ही हातांनी. या वेळी तिनं कुठलीच जागा मुठीत धरली नाही.